कृष्णकमळाचा वेल आणि त्याचे पाहुणे
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी मोठ्या विषयांवर भाषणे होतात. शिक्षणाचे महत्त्व, समाजाची प्रगती, स्पर्धा परीक्षा, मुलींचे उच्च शिक्षण. हे सर्व विषय माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी मांडले आहेत आणि पुढेही मांडतील. मी आज एका लहान विषयावर बोलणार आहे. आपल्या शाळेच्या मागच्या कुंपणावर जो वेल चढला आहे त्याविषयी, आणि त्याच्यावर येणाऱ्या अळ्या, मुंग्या व भुंगे यांच्याविषयी. काही पालक हसत आहेत हे मला येथून दिसते. हसावे, माझी हरकत नाही. कारण मी स्वतः मराठी व इतिहास शिकवणारा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपला. पण याच वेलाने मला एक धडा दिला, आणि तो मी बी.एड.च्या वर्गातही शिकलो नव्हतो.

आपण नाशिककर. मोगल अमदानीत आपल्या या गावाला गुलशनाबाद म्हणत, हे वडीलधाऱ्या मंडळींना ठाऊक आहेच. गुलशन म्हणजे फुलबाग. आज जुन्या नाशकातील आपल्या गल्ल्यांत फुलबाग कोठून आणावयाची? अंगण गेले, विहीर गेली, राहिली ती गच्ची आणि गच्चीवरचा तेलाचा रिकामा डबा. पण वेलाला जागा फार लागत नाही. मूठभर माती खाली आणि आधार वर, एवढे त्याला पुरते. द्राक्षाच्या गावातील माणसाला मांडवाचे महत्त्व मी काय सांगावे?

आपल्या वेलाची हकीगत अशी. आपल्या शाळेतील एका मुलाचे वडील ट्रक चालवतात. एका फेरीत ते कर्नाटकातील कोडगूहून पिवळ्या सालीची, लिंबाहून थोडी मोठी अशी फळे घेऊन आले. त्यांना तिकडे पॅशन फ्रूट म्हणतात. मुलाने दोन फळे वर्गात आणली. आंबटगोड रस सर्वांनी चाखला, आणि काळ्या बिया मी कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवल्या. पावसाळ्याच्या तोंडावर त्या प्लॅस्टिकच्या पेल्यांत टाकल्या. सात-आठ रोपे आली, त्यांतील तीन कुंपणापाशी लावली. शेजारी, फाटकाजवळ, एका सहकारी शिक्षिकेने आपल्या घरच्या कृष्णकमळाची फांदी खोचली. हे दोन्ही वेल एकाच कुळातले, एकमेकांचे चुलतभाऊ म्हणा. मूळ गाव दोघांचेही अमेरिका खंडात. पॅशन फ्रूटचे तर दक्षिण ब्राझील व त्याच्या आसपास. आपली मिरची, बटाटा, पेरू, टोमॅटो हीदेखील तिकडूनच आलेली मंडळी. आज त्यांना परके कोण म्हणतो?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही हे फूल पाहिले आहे. खाली पाकळ्यांचे ताट, त्यावर जांभळ्या-पांढऱ्या तंतूंचे वर्तुळ, मधोमध एक दांडी, दांडीवर पाच पुंकेसर आणि त्यांच्या वर तीन टोकांचे स्त्रीकेसर. आपल्या महाराष्ट्रात लोकांनी या फुलात महाभारत पाहिले. बाहेरचे तंतू म्हणजे शंभर कौरव, पाच पुंकेसर म्हणजे पाच पांडव, वरचे तीन म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश, आणि मध्यभागी श्रीकृष्ण. म्हणून नाव कृष्णकमळ. स्पेनचे ख्रिस्ती धर्मोपदेशक अमेरिकेत गेले, त्यांना त्याच फुलात येशूच्या यातना दिसल्या. तंतूंच्या वर्तुळात काट्यांचा मुकुट, तीन टोकांत तीन खिळे. इंग्रजी नावातील पॅशन हा शब्द त्या यातनांचा आहे. आपण समजतो तसा तो उत्कट प्रेमाचा नव्हे. फारसी बोलणाऱ्यांनी मात्र त्याला गुले-साअती म्हटले, म्हणजे घड्याळाचे फूल. जपानी लोकांनीही त्याला घड्याळाचेच नाव दिले. तबकडी आणि काटे त्यांच्या नजरेत भरले.

सातवीच्या वर्गात मी हे सांगितले तेव्हा मुलांना फार गंमत वाटली. फूल एकच, प्रत्येकाने त्यात आपल्या मनातले पाहिले. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "पाहण्यापाहण्यात फरक असतो." हे वाक्य पुढे माझ्यावरच उलटावयाचे होते.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात वेल कुंपणभर पसरला. कळ्या धरल्या. श्रावणाच्या सुमारास एका सोमवारी शाळेत आलो तो फाटकाजवळचा शिपाईचाचा हाक मारू लागला, "सर, जल्दी आओ, पूरा खा गये!" जाऊन पाहतो तर पानांची नुसती चाळण झालेली. तांबूस रंगाच्या, अंगभर काळे काटे असलेल्या अळ्या, एका पानावर पाच-सहा, अशा शेकडोंनी बसलेल्या. पाहूनच अंगावर शहारा आला. मुलींनी त्या बाजूने जाणे सोडले. एक पालक तक्रार घेऊन आले की अळी मुलाच्या अंगाला लागली तर काय? शेजारी द्राक्षबाग असलेल्या एका गृहस्थांनी निरोप पाठवला की ही कीड आमच्या बागेत शिरेल, बंदोबस्त करा.

मी बंदोबस्त केला. कृषी सेवा केंद्रातून एक बाटली आणली, ओळखीच्या शेतकऱ्याकडून पाठीवरचा पंप आणला आणि दुपारची सुट्टी झाल्यावर, मुले घरी गेली असताना, अडीच वाजता सगळा वेल भिजवून काढला. तोंडाला रुमाल बांधला होता एवढीच माझी खबरदारी. संध्याकाळपर्यंत अळ्या खाली पडल्या. शिपाईचाचांनी झाडून टोपली भरली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक साहेबांनी शाबासकी दिली. मलाही आपण काही केले असे वाटले. टोपलीत अळ्यांबरोबर तीन मोठे काळे भुंगे होते. ते मी पाहिले होते, पण त्याचा विचार केला नाही.

त्यानंतर वेलाला भरपूर फुले आली. रोज दुपारी उमलत, संध्याकाळी मिटत, दोन दिवसांनी गळून पडत. फळ एकही धरले नाही. महिना गेला. मग एके दिवशी सातवीतील एका मुलीने तासाला उभे राहून विचारले, "सर, फुले एवढी येतात, मग फळ का नाही येत? तुम्ही औषध मारले म्हणून का?"

मित्रहो, मला उत्तर येत नव्हते. उत्तर न येणे हा काही गुन्हा नाही. पण मी त्या मुलीला म्हणालो, "धड्यातले विचार. बस खाली." ती बसली. आणि त्यानंतर जवळजवळ दोन महिने तिने माझ्या तासाला हात वर केला नाही. पालक बंधू-भगिनींनो, त्या दिवशी मी केलेली खरी चूक ही होती. फवारणीचा क्रमांक तिच्या नंतरचा.

तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी विचारपूस सुरू केली. आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारले, पुस्तके चाळली, एका रोपवाटिकेतल्या अनुभवी माळ्यापाशी दोन रविवार बसलो. त्यातून जे कळले ते आता थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट भुंग्याची. पिवळ्या पॅशन फ्रूटच्या वेलाला स्वतःचा पराग चालत नाही. एका वेलाचा पराग दुसऱ्या वेलाच्या फुलावर पडावा लागतो, तेव्हाच फळ धरते. म्हणून एकच वेल लावणाऱ्याला नुसती फुले मिळतात. आपल्याकडे तीन होते, तेव्हा ती अडचण नव्हती. अडचण पराग नेणाऱ्याची होती. या फुलाची रचना मोठ्या अंगाच्या कीटकासाठी आहे. मधमाशी लहान, ती खालून हिंडून पराग गोळा करते, तिचे अंग वरच्या टोकांना लागतही नाही. आपण ज्याला काळा भुंगा म्हणतो, जो वाळक्या लाकडाला भोक पाडून घर करतो, तो बरोबर मापाचा. तो तंतूंच्या वर्तुळात मधासाठी उतरला की त्याच्या पाठीवर पराग सांडतो, आणि पुढच्या फुलात तोच पराग स्त्रीकेसराला पुसला जातो. हे पिवळे फूल उमलते दुपारी. म्हणजे मी ज्या घटकेला पंप घेऊन गेलो, ती भुंग्यांच्या कामाची घटका होती. टोपलीतील तीन भुंगे म्हणजे आमच्या फळांची सगळी आशा होती, आणि मी ती झाडून टाकली होती.

दुसरी गोष्ट अळीची. त्या काटेरी अळीतून जे फुलपाखरू निघते त्याला इंग्रजीत टॉनी कॉस्टर म्हणतात. नारिंगी पंख, त्यांवर काळे ठिपके, मागच्या पंखाला काळी किनार व तीत पांढरे ठिपके. उडते अगदी संथ, जणू त्याला कसली घाईच नाही. घाई नसण्याचे कारण आहे. कृष्णकमळाच्या कुळातील वेलांच्या पानांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. सामान्य किड्याला ती मानवत नाहीत. ही अळी ती पचवते. फुलपाखराच्या अंगातही तसलीच कडू, विषारी द्रव्ये असतात. त्याला पकडले तर ते पिवळसर, घाण वासाचा रस सोडते. पक्षी एकदा चोच मारून पाहतात आणि पुन्हा वाटेला जात नाहीत. नारिंगी रंग ही त्याची पाटी आहे, "मला खाऊ नका."

आता द्राक्षबागवाल्या शेजाऱ्यांचे उत्तर. ही अळी मुख्यतः कृष्णकमळाच्या कुळातील वेलांवरच जगते. द्राक्षाचा वेल तिच्या ताटात नाही. उपाशी मेली तरी ती द्राक्षाच्या पानाला तोंड लावणार नाही. हे मी त्यांना स्वतः जाऊन सांगितले, आणि चहा पिऊन आलो.

एक गोष्ट मला फार विचार करावयास लावणारी वाटली. वेल परदेशी आहे, पण हे फुलपाखरू आपल्या देशातले, भारत-श्रीलंकेचे मूळ रहिवासी. कृष्णकमळ येण्याआधीही ते येथे होतेच. आपल्या रानातले त्याच कुळातले वेल आणि रतनपुरुषासारखी गवतात वाढणारी लहान झाडे यांवर त्याचे पोट भरत असे. परदेशी वेल आला, त्याला त्याने आपले मानले. पुढे तर गंमतच झाली. रानटी कृष्णकमळाची एक जात आशियाभर रस्त्याकडेला, मोकळ्या जमिनीवर माजली आहे. तिच्या पानोपानी हे फुलपाखरू पूर्वेकडे निघाले. थायलंड, मलेशिया असे करीत 2006 साली ते सिंगापुरात दिसले आणि 2012 साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर पोहोचले. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. मात्र वाटेत शिदोरी हवी. जेथे त्याची शिदोरी उगवली तेथे ते गेले.

तिसरी गोष्ट मुंग्यांची. पॅशन फ्रूटच्या पानाचा देठ नीट पाहा. पानाजवळ दोन बारीक गाठी दिसतील. त्यांतून गोड रस पाझरतो. हा फुलातला मध नव्हे. ही वेलाने मुंग्यांना दिलेली रोजची मजुरी आहे. मुंग्या रसासाठी वेलावर फिरत राहतात आणि फिरताना अंडी, लहान किडे यांना हुसकावतात. सगळ्याच अळ्या त्यांना आवरत नाहीत, हे आम्ही पाहिले. पण राखण असते. म्हणून वेलावर मुंग्या दिसल्या की लगेच हळद वा पावडर टाकू नये. कुरआन शरीफमध्ये एका सूरेचे नाव मुंगीवरून आहे आणि एकीचे मधमाशीवरून, हे आपली मुले मक्तबात शिकतातच. हजरत सुलेमान यांच्या फौजेच्या पायांखाली आपली जमात चिरडू नये म्हणून धावपळ करणाऱ्या त्या मुंगीची गोष्ट त्यांना पाठ असते. पाठ असलेली गोष्ट आपल्या अंगणात पाहावयास मिळाली तर किती चांगले.

अमेरिकेत या कुळाच्या वेलांनी याहूनही नवल केले आहे. तिकडे त्यांची पाने खाणारी वेगळी फुलपाखरे आहेत. त्यांची मादी ज्या पानावर आधीच अंडी आहेत तेथे सहसा अंडी घालीत नाही. म्हणून काही वेलांच्या पानांवर अंड्यांसारखे पिवळे ठिपके उगवतात. खोटी अंडी! मादी फसते आणि पुढे जाते. वेलाला पाय नाहीत, पळता येत नाही, म्हणून त्याने ही युक्ती केली.

हे सगळे कळल्यावर मी सातवीच्या वर्गात गेलो. त्या मुलीला उभे केले नाही. ती घाबरली असती. मी फळ्यावर तिचा प्रश्न लिहिला आणि म्हणालो, "हा प्रश्न दोन महिन्यांपूर्वी या वर्गात विचारला गेला. मला उत्तर येत नव्हते म्हणून मी रागावलो. प्रश्न बरोबर होता. औषध मी मारले आणि फळे माझ्यामुळे आली नाहीत." वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, पुढच्या साली नाही मारायचे." आणि सगळे हसले. ती मुलगीही हसली.

येथे मला डॉ. सालिम अली यांची आठवण होते. 1896 साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा आईवडिलांना लहानपणीच पारखा झाला आणि मामाच्या घरी वाढला. छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी? मामा अमीरुद्दीन तैयबजी यांना उत्तर ठाऊक नव्हते. पण त्यांनी "अभ्यास कर" म्हणून त्याला गप्प केले नाही. त्यांनी त्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. 1883 साली स्थापन झालेली ही संस्था. 1908 साली तेथे मिलार्ड नावाच्या साहेबांनी त्या मुलाला पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. पुढे तो मुलगा जगातला नावाजलेला पक्षिशास्त्रज्ञ झाला, 1976 साली पद्मविभूषण झाला. पालकांनो, त्या मामांचे काम पाहा. ते शास्त्रज्ञ नव्हते. उत्तर नव्हते तर ते असेल तेथे त्यांनी मुलाला पाठवले. एवढे आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. सातवी शिकलेल्या बापालाही जमेल, आणि बी.ए., बी.एड. झालेल्या मास्तरालाही जमावयास हवे होते.

आता ज्यांना घरी हा वेल लावावयाचा असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

फांदी लावावयाची असेल तर जून-जुलैमध्ये, पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळे असलेली वीतभर फांदी घ्या. बियांपासूनही रोप येते, मात्र फुलासाठी वर्ष-दीड वर्ष वाट पाहावी लागते. ऊन दिवसाचे पाच-सहा तास हवे. नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून तीत वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळा. डब्यात लावत असाल तर डबा मोठा घ्या आणि तळाला भोके पाडण्यास विसरू नका. आधाराला तार, सुतळी, जुनी जाळी, काहीही चालते. खत बेताने घाला. फार दिले तर नुसती पाने माजतात. फुले नव्या फुटव्यावर येतात, म्हणून थंडी सरता सरता जुन्या फांद्या छाटाव्यात. पिवळे पॅशन फ्रूट हवे असेल तर निरनिराळ्या बियांपासून आलेले दोन वेल तरी लावा. भुंगे फिरकत नसतील तर दुपारी रंगाच्या मऊ ब्रशने एका वेलावरचा पराग दुसऱ्या वेलाच्या फुलातील तिन्ही टोकांना लावा. हे काम मुले आनंदाने करतात.

फळ पिकले की आपण होऊन खाली पडते. ते उचलून खावे. कच्ची फळे आणि पाने मुलांना खाऊ देऊ नका. सायनाइडची गोष्ट आताच सांगितली आहे. पिकलेल्या फळाचा गर, थोडी साखर, भिजवलेला सब्जा आणि माठाचे पाणी. रमजानमध्ये इफ्तारला याहून चांगले सरबत मला ठाऊक नाही.

आता पाहुण्यांची व्यवस्था. आम्ही पुढच्या वर्षी वर्गात ठराव केला, आणि तो आजही चालू आहे. फाटकाजवळचा कृष्णकमळ अळ्यांचा. त्यावरची अळी कोणी काढावयाची नाही. मागचे तीन वेल आमचे. त्यांवर पानामागे पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला की ते पान तोडून कृष्णकमळावर नेऊन ठेवावयाचे. अळी मोठी झालेली असली तर काडीने उचलून तेथेच न्यावयाची. हिचे काटे विषारी नाहीत, पण काही दुसऱ्या जातींच्या अळ्यांच्या केसांनी अंगाला आग होते, आणि लहान मुलाला फरक कळत नाही. म्हणून हात लावावयाचा नाही हा नियम सर्वांना एकच. मावा किंवा पिठ्या ढेकूण आला तर पाण्याची धार आणि सौम्य साबणाचे पाणी पुरते. गांधीलमाश्या अळ्या उचलून नेतात. त्यांच्या पोळ्याला डिवचू नका, त्या आपले काम करून जातात. भुंगा छपराच्या वाशाला भोके पाडतो अशी तक्रार आली, तेव्हा आम्ही वाशाला रंग दिला आणि कुंपणाशी वाळक्या बांबूचे तुकडे बांधून ठेवले. रंगवलेल्या लाकडाकडे भुंगा सहसा वळत नाही. त्याला बांबू पसंत पडला.

पाने खाल्ली गेल्याने फाटकाजवळचा वेल मरेल ही शिपाईचाचांची भीती होती. तो मेला नाही. ऑगस्टमध्ये त्याच्या काड्या उरतात, ऑक्टोबरात तो पुन्हा हिरवागार होतो. मुळे धरलेल्या वेलाला एवढी हानी सोसते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सुमारे चार आठवडे लागतात, हे मुलांनी वहीत तारखा मांडून पाहिले. पांढरट रंगाचा, काळ्या रेषांचा कोश ज्या सकाळी फुटला त्या दिवशी प्रार्थनेला निम्मी सातवी गैरहजर होती. मी कोणालाही शिक्षा केली नाही.

फवारणीविषयी दोन शब्द बोलणे माझे कर्तव्य आहे, कारण आपल्यातील कितीतरी जण द्राक्षबागांत, भाजीच्या मळ्यांत मजुरीला जातात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. ज्या दिवशी मी शाळेच्या आवारात फवारणी केली त्या दिवशी तो त्रिकोण मी पाहिलाही नव्हता. शिकलेला माणूस असून पाहिला नव्हता. मुलांनो, तुमच्या घरी असली बाटली असेल तर आज जाऊन वडिलांना तो त्रिकोण दाखवा, ती बाटली स्वयंपाकघरातून बाहेर काढावयास सांगा, आणि रिकाम्या बाटलीत पाणी भरू देऊ नका. शेतकऱ्याला कधी फवारावे लागते, त्याचे पोट त्यावर आहे. त्याला उपदेश करणारा मी कोण? पण घरच्या एका वेलासाठी, केवळ अळी पाहून किळस आली म्हणून, विष आणण्याचे कारण नाही.

गेल्या हंगामात मागच्या तीन वेलांनी आम्हांला एक टोपली भरून फळे दिली. तीच टोपली, जिच्यात कधी अळ्या आणि भुंगे भरले होते. सरबत केले, सर्व वर्गांना अर्धा-अर्धा पेला आला. ती प्रश्न विचारणारी मुलगी आता दहावीत आहे. सरबत वाटताना तिने मला विचारले, "सर, भुंगे रात्री कुठे झोपतात?" मला माहीत नव्हते. आम्ही दोघेही संध्याकाळी बांबूंपाशी जाऊन पाहिले. एका भोकातून काळे, चकचकीत पाठीमागचे अंग दिसत होते.

मी अधिक वेळ घेत नाही. येत्या जूनमध्ये शाळेत छाटणीच्या फांद्या आणि बियांची रोपे वाटण्यात येतील. ज्या पालकांना हवी असतील त्यांनी आपल्या मुलाबरोबर नाव पाठवावे. पैसे नाहीत. अटी दोन आहेत. वेलावर कोणी आले तर आधी ते कोण आहे हे विचारावे, मग काय करावयाचे ते ठरवावे. आणि वेलाविषयी मुलाने काही विचारले व उत्तर आले नाही, तर त्याला खाली बसवू नये. माझ्याकडे पाठवावे. मलाही आले नाही तर आम्ही दोघे मिळून शोधू.

गुलशनाबाद हे नाव आता कागदावरच राहिले आहे. पण एकेका गच्चीवर एकेक वेल चढला तर त्या नावाची थोडी तरी लाज राखली जाईल.